परळच्या बंगल्यातली सव्वाशे वर्षे

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास छापायचा म्हटला की संचालकांची नामावळी, कोनशिलांचे फोटो आणि पाहुण्यांचे अभिप्राय यांतच निम्मी पाने जातात. ज्याला नामावळी हवी त्याने परिशिष्ट उघडावे. १८९९ ते २०२४ या सव्वाशे वर्षांत परळच्या आवारात एक सवय रुजली, मोडली आणि पुन्हा रुजली. औषध ज्याला टोचले त्याच्याकडे जितके बारीक लक्ष ठेवायचे, तितकेच ते न टोचलेल्या शेजाऱ्याकडेही ठेवायचे, आणि मगच तोंड उघडायचे, ही ती सवय. हाफकिन संस्थेच्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच.

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात माणसे तापाने फणफणून, काखेत-जांघेत गाठी येऊन मरू लागली. मूळचे गोव्यातले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. धोबीतलावावर मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. किती जण थांबून नाव वाचतात कोण जाणे. शहर भराभर रिकामे होऊ लागले, गिरण्यांना माणूस मिळेना. सरकारने कलकत्त्याहून वाल्डेमार हाफकिन यांना बोलावले. हे ओडेसाचे ज्यू, मेचनिकॉफचे विद्यार्थी, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत घडलेले. पटकीची लस त्यांनी १८९२ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली होती आणि पुढच्याच वर्षी ती घेऊन ते हिंदुस्थानात आले होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात जागा मिळाली ती एक खोली आणि तिच्यापुढची पडवी एवढी. हाताशी एक कारकून आणि तीन शिपाई.

लस करायची कृती ऐकायला साधी, करायला चिवट होती. मांसाच्या काढ्यात प्लेगचे जंतू वाढवायचे. गाय आणि डुक्कर दोन्ही वर्ज्य, म्हणून मटण बकऱ्याचे. काढ्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. जंतू त्या थेंबांना धरून वाढत आणि पागोळ्यांसारखे खाली लोंबत. चंबू हलवला की पागोळ्या तुटून तळाशी बसत आणि वर नव्या धरत. असे कित्येक आठवडे चाले. शेवटी सगळे उष्णता देऊन मारायचे आणि वर थोडे कार्बोलिक ॲसिड घालायचे. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी या लसीची मोठी मात्रा स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग ठणकले आणि उतरले.

स्वतःला टोचून घेणे हे धाडस झाले. त्यातून लस चालते हे सिद्ध होत नाही. ते सिद्ध करायची संधी त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात मिळाली. तुरुंगात प्लेग शिरला होता. जे कैदी तयार झाले त्यांना लस दिली, बाकीचे तसेच राहिले. दोन्ही गटांचे अन्न एक, कोठड्या एक, काम एक. लस न घेतलेल्यांत पुढे १२ जण आजारी पडले आणि ६ दगावले. घेतलेल्यांत दोघे आजारी पडले, मेला कोणी नाही. आकडे लहान आहेत. आजचा संख्याशास्त्रज्ञ नाक मुरडेल. पण त्या काळी लशीचा गुण प्रशस्तिपत्रांवर ठरत असे, हे लक्षात घेतले तर या लहान आकड्यांची किंमत कळते.

पुढच्या वर्षी बडोद्याजवळच्या उंधेरा गावात त्यांनी हेच आणखी काटेकोरपणे केले. तिथे घरोघर जाऊन प्रत्येक कुटुंबातल्या निम्म्या माणसांना लस टोचली, म्हणजे एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणारी माणसे दोन गटांत पडली. नंतर ज्या २८ घरांत प्लेग शिरला त्यांचा हिशेब मांडला. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ गेले. न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ गेले. कोणत्या भावाला टोचायचे आणि कोणाला नाही, हा प्रश्न आज कोणतीही नैतिकता समिती उचलून धरेल, आणि बरोबरच करेल. त्या घरांतल्या सव्वीस मरणांची किंमत देऊन आलेला हा पुरावा आहे, हे विसरून तो आकडा मिरवू नये.

लोक मात्र सुईला भीत होते, आणि त्यांना नुसते अडाणी म्हणून मोकळे होता येणार नाही. प्लेगच्या नावाखाली सोजीर घरात शिरत होते, देवघरात बूट नेत होते, आजाऱ्याला उचलून नेत होते. पुण्यात त्याचा शेवट रँडच्या खुनात झाला. त्याच पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना मार्च १८९७ मध्ये सावित्रीबाई फुले गेल्या. सरकारी सुई आणि सरकारी बूट यांत फरक करायला लोकांना वेळ लागणारच होता. अशा वेळी तरुण आगाखानांनी सर्वांसमोर लस टोचून घेतली आणि आपली खुश्रू लॉज ही वास्तू हाफकिन यांना वापरायला दिली, तेव्हा खोजा समाजातून रांगा लागू लागल्या.

काम एका खोलीत मावेना. १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. आधी पोर्तुगीज पाद्र्यांची वास्तू, मग इंग्रज गव्हर्नरांचे निवासस्थान. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स इथेच उतरले होते. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी या बंगल्यात पटकीने वारल्या आणि गव्हर्नरांनी परळ सोडून मलबार पॉइंट गाठला. पटकीने रिकामा केलेला बंगला पटकीचीच लस शोधणाऱ्याच्या हाती आला. नृत्याच्या आणि मेजवानीच्या दालनात लसीचे चंबू मांडले गेले.

आता मुलकोवालकडे वळायला हवे, कारण संस्थेच्या इतिहासातले ते सर्वांत कडू पान आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. परळहून आलेल्या पाच बाटल्या वापरल्या होत्या. काही दिवसांनी त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि एकोणीसच्या एकोणीस गेले. सगळ्यांना एकाच बाटलीतून टोचले होते; तिचा क्रमांक ५३-एन. बाकीच्या चार बाटल्यांतून टोचलेल्या कोणालाही काही झाले नाही.

दोष कुठे होता? परळला बाटली भरताना घाण शिरली, की गावात ती उघडताना? परळमध्ये थोडे दिवस आधी कृती बदलली होती. मागणी अफाट वाढल्यामुळे काढ्याऐवजी लवकर होणारी नवी पद्धत घेतली होती आणि कार्बोलिक ॲसिड वगळले होते. चौकशी मंडळाने बोट परळकडे दाखवले. हाफकिन यांना कामावरून दूर केले गेले. मुलकोवालच्या बाजूने मात्र एक तपशील पुढे आला. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. ज्योतीवर धरून तापवण्याऐवजी तो नुसता कार्बोलिकच्या पाण्यात फिरवून त्यानेच बूच काढले गेले. शिवाय बाटली उघडली तेव्हा तिला वास नव्हता. सहा आठवडे आधी भरलेल्या बाटलीत धनुर्वाताचे जंतू वाढत असते तर ती नक्की घाण मारली असती. पुढे लंडनच्या लिस्टर संस्थेने कागदपत्रे तपासून कौल दिला तो गावातल्या संसर्गाच्या बाजूने. पण हा कौल वर्षानुवर्षे फायलींत पडून राहिला.

इथे चौकशी मंडळाने काय केले नाही ते पाहण्यासारखे आहे. उरलेल्या चार बाटल्याही त्याच कारखान्यातल्या आणि त्याच नव्या कृतीच्या होत्या. त्या निर्धोक निघाल्या. ५३-एन वेगळी ठरली ती कशामुळे, हा साधा तुलनेचा प्रश्न आधी विचारायला हवा होता. तो विचारण्याआधीच निकाल लिहिला गेला. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि आणखी काही नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये जाहीर पत्र लिहिले, तेव्हा कुठे सरकार हलले. हाफकिन परत आले ते कलकत्त्याला. परळ त्यांना पुन्हा मिळाले नाही. १९२५ मध्ये या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले तेव्हा ते युरोपात होते. १९३० मध्ये लोझानला वारले.

मधल्या काळात परळला दुसरे मोठे काम झाले. त्याचे श्रेय ग्लेन लिस्टन यांना आणि १९०५ पासून इथे बसलेल्या प्लेग तपास मंडळाला आहे. प्लेग पसरतो कसा? हवेतून, जमिनीतून, कपड्यांतून, की अन्नातून? पॉल-लुई सिमोन या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीला म्हटले होते की उंदराच्या अंगावरची पिसू हे करते; त्यांना हसण्यात आले. परळला हसण्याऐवजी गिनीपिग आणले गेले.

आवारात छोटी कोठारे बांधली. कुठल्याला देशी कौले, कुठल्याला मंगलोरी, म्हणजे वर उंदीर राहू शकतील किंवा राहू शकणार नाहीत अशी. आत गिनीपिग सोडले. पिसवा असल्या तर एकाकडून दुसऱ्याकडे प्लेग जाई. पिसवा नसल्या तर आजारी आणि निरोगी प्राणी एकत्र राहिले, एकत्र खाल्ले, तरी काही होत नसे. मग पिंजरे टांगले. जमिनीवरच्या आणि जमिनीपासून दोन इंचांवरच्या पिंजऱ्यांतल्या प्राण्यांना प्लेग झाला. दोन फुटांवर टांगलेले वाचले. पिसू काही इंचच उडी मारते. हवा मात्र दोन फूट वर सहज जाते. म्हणजे हवेची बाजू पडली. त्यावरही कोणी शंका काढेल म्हणून आणखी एक डाव मांडला. काही पिंजऱ्यांभोवती माश्या पकडायच्या चिकट कागदाची सहा इंच रुंद पट्टी घातली आणि बाकीच्यांभोवती तेवढ्याच रुंदीची नुसती वाळू पसरली. वाळूतले मेले, चिकट कागदातले जगले आणि कागदावर पिसवा सापडल्या. मला विचाराल तर या संस्थेतला सर्वांत देखणा प्रयोग हाच. साहित्य म्हणून काय लागले? पिंजरे, दोरी, वाळू आणि किराणा दुकानात मिळेल असा कागद.

याच मंडळींनी शीव, वडाळा, परळ आणि वरळी या चार गावांत घरोघर उंदीर मोजले. हो, गावांतच, तेव्हा ती गावेच होती. मुंबई शहरातून लाखाहून अधिक उंदीर गोळा करून फाडून पाहिले. आधी कोणत्या जातीचा उंदीर मरतो, नंतर किती दिवसांनी माणूस, याचे तक्ते त्यातून तयार झाले. प्लेगविरुद्ध मोहीम माणसांऐवजी उंदरांवर रोखायची, हे धोरण या तक्त्यांवर उभे राहिले.

१९०६ मध्ये संस्थेचे नाव मुंबई जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा झाले. नंतरची दोन दशके घाईने ओलांडतो. लस बनत राहिली. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. कुत्रा चावलेल्यांसाठी उपचार सुरू झाले. एफ. पी. मॅकी यांचे नाव मात्र थांबून घ्यायला हवे. १९०७ मध्ये नाशिकच्या एका मिशन शाळेत उलटणाऱ्या तापाची साथ आली तेव्हा त्यांनी पाहिले की ताप मुलांत जास्त, मुलींत कमी. आणि अंगावरच्या उवाही मुलांत जास्त, मुलींत कमी. त्या उवांतच तापाचे जंतू सापडले. पुढे हेच मॅकी परळचे संचालक झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत संस्थेला हाफकिन यांचे नाव मिळाले.

साहिबसिंग सोखी १९३२ मध्ये संचालक झाले, पहिले भारतीय संचालक. १९४९ पर्यंत त्यांनी संस्था हाकली आणि हाकली हाच शब्द बरोबर आहे. प्लेगची लस त्यांनी नव्याने तपासायला घेतली. प्रत्येक घाण्यातली लस उंदरांना टोचायची, मग जिवंत जंतू टोचायचे, किती वाचतात ते मोजायचे आणि त्या मोजमापावर लशीची ताकद ठरवायची. लस किती 'चांगली' आहे हे सांगायला आता आकडा आला. वागळे, दीक्षित, गणपती या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी सल्फाथायझोलचा प्लेगवर उपयोग दाखवला. त्यांचा निबंध १९४१ मध्ये छापून आला. तोवर गाठीचा प्लेग झालेल्या रोग्यांतले निम्म्याहून अधिक दगावत. लस आजारापूर्वी द्यायची, पण आजारी पडल्यावर काय द्यायचे, याचे उत्तर पहिल्यांदाच डॉक्टरांच्या हाती आले. यांतले भा. बा. दीक्षित पुढे दिल्लीच्या एम्सचे पहिले संचालक झाले.

सोखी हट्टी होते. औषध देशात आणि सरकारी कारखान्यात बनले पाहिजे, नाहीतर संशोधनाला अर्थ नाही, असे त्यांचे मत. काँग्रेसच्या राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्य उपसमितीचे ते अध्यक्ष होते. नंतर जागतिक आरोग्य संघटनेत गेले. जाता जाता सांगायचे तर, खंडाळ्याला नृत्यालय काढून कथ्थकला रंगमंचावर प्रतिष्ठा देणाऱ्या मेनका या त्यांच्या पत्नी. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या तक्त्यांवर आणि घुंगरांवर एकाच घरात चर्चा होत असेल, अशी कल्पना करायला मजा वाटते.

सर्पविषावरची लस हे ग्रामीण महाराष्ट्राला या संस्थेचे सर्वांत ओळखीचे देणे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांचे विष काढायचे, घोड्याला बेताबेताने वाढत्या मात्रेत टोचायचे, काही महिन्यांनी त्याचे रक्त घेऊन त्यातला प्रतिविषाचा भाग शुद्ध करायचा आणि वाळवून भुकटी करायची. भुकटी का? तर प्राथमिक आरोग्य केंद्रात फ्रिज असेल, असलेला चालेल आणि चाललेल्याला वीज असेल, हे तिन्ही जमून येईल याची खात्री नव्हती. चावलेला साप कोणता हे रोग्याला सांगता येत नाही, म्हणून चौघांवर मिळून एकच औषध. कोकणातल्या विंचवाच्या दंशावर महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर प्राझोसिन वापरत आले होते. पुढे त्यांनी काही रोग्यांना नुसते प्राझोसिन आणि काहींना त्याच्या जोडीला हाफकिनचे विंचूविरोधी प्रतिविष दिले. जोडी मिळालेले रोगी लवकर सावरले. तो निबंध २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. भायखळ्याच्या तुरुंगातला प्रश्न महाडच्या खाटांवर पुन्हा विचारला गेला होता.

१९७५ मध्ये संस्थेचे दोन भाग झाले. लस आणि औषधे बनवण्याचे काम हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे गेले. संशोधन, प्रशिक्षण आणि चाचणी हे संस्थेकडे राहिले. कारखान्याला व्यवहाराचे नियम लागतात, प्रयोगशाळेला वेगळे, हा युक्तिवाद खोटा नव्हता. तरीही माझे मत असे की त्यात काहीतरी हरवले. पूर्वी लशीचा घाणा बिघडला की त्याचा प्रश्न दुपारच्या चहापर्यंत संशोधकाच्या टेबलावर येई. आता तो पत्रव्यवहाराने येऊ लागला. सोखींना हे आवडले नसते.

आवारात आणखी एक शेजारी आहे. त्याचा इतिहास आपल्यापासून वेगळा काढता येत नाही. १९४९ मध्ये मुंबईत पोलिओवरच्या कामासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने एक केंद्र काढले; तेच पुढे एंटेरोव्हायरस संशोधन केंद्र झाले. या केंद्राने २००१ पासून मुंबईचे सांडपाणी तपासायला घेतले. पोलिओच्या विषाणूचा संसर्ग झालेल्या सुमारे दोनशेंतल्या एखाद्याच मुलाला लुळेपणा येतो. बाकीची मुले हसत-खेळत असतात आणि त्यांच्या विष्ठेतून विषाणू गटारात जात असतो. दवाखान्यात बसून हे कळणार नाही. गटारात बाटली बुडवली तर कळेल.

ठरावीक दिवशी पहाटे, वर्दळीच्या वेळी, एक लिटर सांडपाणी भरून बर्फातून परळला आणायचे. एवढ्या पाण्यात विषाणू विरलेले असतात, म्हणून रसायने घालून ते थोड्याशा द्रवात एकवटायचे. मग खरी परीक्षा पेशींवर. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बाटलीच्या तळाला जिवंत पेशींचा एक थर वाढवलेला असतो. दोन जातींच्या पेशी वापरतात. आरडी ही मानवी स्नायूच्या गाठीतून आलेली जात. तिच्यात पोलिओसकट अनेक आतड्यांतले विषाणू वाढतात. एल-ट्वेंटी-बी ही उंदराची पेशी. तिच्यावर पोलिओ विषाणूला चिकटायला लागणारा मानवी ग्राहक मुद्दाम बसवलेला असतो, म्हणून तिच्यात मुख्यतः पोलिओच वाढतो. दोन्हींत नमुना घालायचा आणि रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. लांबट, एकमेकींना बिलगून बसलेल्या पेशी विषाणू आत शिरला की गोल होतात, आकसतात, तळ सोडून तरंगू लागतात. शेजारी नमुना न घातलेली बाटली असतेच. तिच्यातला थर शाबूत असेल तरच पहिल्या बाटलीतल्या पडझडीला अर्थ.

मुंबईत लुळेपणाचा एकही रोगी नोंदलेला नसताना सांडपाण्यात मात्र रानटी पोलिओ सापडत असे, आणि त्याची जनुकीय ठेवण पाहिली की तो उत्तर भारतातल्या विषाणूंचा नातलग निघे. गाड्या भरून येणाऱ्या माणसांबरोबर तोही येत होता. देशातला रानटी पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

त्यानंतरही गटारातल्या बाटल्या थांबल्या नाहीत, कारण पेशी अजून मरतात. तोंडावाटे द्यायच्या लशीत जिवंत, दुबळा केलेला विषाणू असतो आणि थेंब घेतलेले प्रत्येक बाळ तो काही आठवडे बाहेर टाकते. म्हणजे आवाराच्या एका टोकाला महामंडळाने ज्या लशीच्या कुप्या भरल्या, तिचाच विषाणू शहरभर फिरून गटारातून आवाराच्या दुसऱ्या टोकाला तपासायला परत येतो. तो लशीतला आहे, लशीतून बिघडत बिघडत पुन्हा घातक झालेला आहे, की बाहेरून आलेला रानटी आहे, हे त्याच्या कवचाच्या जनुकाचा सुमारे नऊशे अक्षरांचा तुकडा मूळ लशीशी ताडून ठरवतात. एप्रिल २०१६ मध्ये तोंडावाटेच्या लशीतून दुसऱ्या प्रकारचा विषाणू काढून टाकल्यावर तर सांडपाण्यात तो प्रकार दिसणे हीच धोक्याची खूण झाली, आणि दर नमुन्यात तो शोधण्याचे काम चालू आहे.